शेतीचं चॅनेल आणि पहिली पेड जाहिरात: लपवाछपवी न करता काम कसं करायचं

चॅनेलला आठ-दहा हजार सबस्क्रायबर झाले आणि कमेंटमध्ये लोक 'दादा, ही फवारणी कुठली घेतली?' असं विचारायला लागले, की तो मेसेज येतोच. 'सर, आमच्या प्रॉडक्टचा एक व्हिडिओ करून द्याल का? चार्जेस सांगा.' मला तो आला तेव्हा माझ्या द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीला सत्तर दिवस झाले होते, मणी बारा मिलिमीटरच्या घरात होते आणि विरळणीची (घडातले जादा मणी काढण्याची) मजुरी द्यायची राहिली होती. उत्पादन होतं मणी फुगवायचं टॉनिक. एका व्हिडिओचे १२,००० रुपये आणि पाच लिटर माल फुकट. प्रतिनिधीने अट एकच घातली: "जाहिरात वाटू देऊ नका, तुमचा अनुभव वाटला पाहिजे."

मी तसंच केलं. बागेत उभा राहिलो, घड हातात धरला आणि म्हणालो, "मी हे वापरतोय, फुगवण बघा." ते टॉनिक मी चारच दिवसांपूर्वी एकदा मारलं होतं. हातातल्या घडाची फुगवण झाली होती ती जीएच्या (जिबरेलिक अ‍ॅसिड या वाढ-संजीवकाच्या) दोन डिपिंगमुळे, म्हणजे घड त्यात दोनदा बुडवल्यामुळे, आणि वेळेवर केलेल्या विरळणीमुळे.

दीड महिन्याने पंढरपूरकडच्या एका काकांचा फोन आला. त्यांनी दोन एकरांवर दोन फवारण्या घेतल्या होत्या. चार लिटर, लिटरला १,८५० रुपये, एकूण ७,४०० रुपये. "शेजारच्या प्लॉटात आणि माझ्या प्लॉटात काही फरक नाही हो," ते म्हणाले. "दुकानदाराने गळ्यात मारलं असतं तर त्याला बोललो असतो. तुम्ही शेतकरी आहात म्हणून डोळे झाकून घेतलं." आवाज चढलेला नव्हता. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ही जाहिरात आहे, एवढं मी सांगितलं असतं, तर काकांनी दोन एकरांऐवजी चार ओळींवर मारून बघितलं असतं. कंपनीचा माणूस बांधावर आला की आपण सगळे तेच करतो. ती सावधगिरी बाळगायची संधीच मी त्यांना दिली नाही. त्यानंतर मी नियम वाचले, कागद मागायला शिकलो, काही कामं सोडली, काही केली. ते सगळं इथे क्रमाने देतोय. माझं पीक द्राक्ष आहे म्हणून उदाहरणं द्राक्षाची आहेत; कांदा, डाळिंब, ऊस, कापूस यांच्या चॅनेलवाल्यांनाही हेच लागू आहे.

१. आपण करतोय ती जाहिरात आहे का, हे आधी ओळखा

बहुतेक जण म्हणतात, "मी पैसे घेतले नाहीत, फक्त दोन बाटल्या आल्या होत्या, मग जाहिरात कसली?" ती जाहिरातच आहे. मुंबईच्या भारतीय जाहिरात मानक परिषदेची, म्हणजे 'आस्की'ची, इन्फ्लुएन्सरसाठीची मार्गदर्शक तत्त्वं १४ जून २०२१ पासून लागू आहेत. तुमचा आणि कंपनीचा काहीही हितसंबंध असेल तर तो प्रेक्षकाला सांगायचा, असा त्यांचा गाभा आहे. हितसंबंधात पैसे येतात, फुकट किंवा सवलतीत मिळालेला माल येतो, न मागता घरी आलेलं पार्सल येतं, सहल आणि हॉटेलचा मुक्काम येतो, बक्षीस येतं, नात्यागोत्याचा किंवा नोकरीचा संबंधही येतो.

आपल्या शेतीत याची रूपं वेगळी असतात, म्हणून ती लक्षात येत नाहीत. कंपनीने तुमच्या शेतात डेमो प्लॉट घेतला आणि हंगामभराच्या औषधांचा खर्च उचलला. डीलर मीटला तुम्हाला गोव्याला नेलं. मेव्हण्याचं कृषी सेवा केंद्र आहे आणि दर व्हिडिओत त्याच दुकानाचं नाव येतं. 'माझं नाव सांगा, दहा टक्के कमी होतील' असं तुम्ही म्हणता आणि प्रत्येक बाटलीमागे तुम्हाला कमिशन मिळतं. यातली प्रत्येक गोष्ट सांगावी लागते.

आस्की ही उद्योगाने स्वतःवर घालून घेतलेली शिस्त आहे. तिच्या पाठीमागे कायदाही आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहे. त्याने ९ जून २०२२ रोजी फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. २० जानेवारी २०२३ रोजी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने सोशल मीडियावरच्या लोकांसाठी सोप्या सूचनांची पुस्तिका काढली. जाहिरात फसवी ठरली तर १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तेच केलं तर ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात करणाऱ्या चेहऱ्यावर एक वर्षापर्यंत, पुढच्या वेळी तीन वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. 'मी छोटा माणूस' म्हणून सूट नाही. कायद्यात एक आधार मात्र आहे: दाव्याची खरीखोटी तुम्ही स्वतः नीट तपासली होती हे दाखवता आलं, तर तुम्हाला दंडातून सूट आहे. पुढच्या पायरीतले कागद त्यासाठीही लागतात.

२. व्हिडिओचा दर सांगण्याआधी कागद मागा

माझा सगळ्यात जास्त भर या पायरीवर आहे. पहिला मेसेज आला की मी दर सांगत नाही, यादी पाठवतो:

• बाटलीच्या किंवा पिशवीच्या सगळ्या बाजूंचे स्पष्ट फोटो, बॅच नंबर आणि मुदतीसह
• उत्पादनाच्या नोंदणीचा किंवा परवानगीचा कागद
• तुम्ही जो दावा करायला सांगताय, त्याचा चाचणी अहवाल: कुठल्या विद्यापीठात किंवा संशोधन केंद्रात, कुठल्या पिकावर, किती मात्रेने
• निर्यातीच्या पिकासाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा उर्वरित अंश (पिकात औषध किती राहिलं याचा) तपासणी अहवाल
• कंपनीचं पूर्ण नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक

ही यादी गेली की निम्मे लोक पुन्हा मेसेज करत नाहीत. तिथेच तुमचं अर्धं काम झालं.

आलेले कागद वाचायचे कसे? टॉनिक, ह्युमिक, सीवीड (समुद्री शेवाळाचा अर्क), अमिनो अशा नावांनी जे येतं त्याला सरकारी भाषेत बायोस्टिम्युलंट म्हणतात. २०२१ च्या फेब्रुवारीपर्यंत यांना धड कायदाच नव्हता. तेव्हा ती खत नियंत्रण आदेशाखाली आणली गेली, मग कंपन्यांना तात्पुरत्या प्रमाणपत्रांवर विक्री करू दिली, आणि ती मुदत वाढत वाढत १६ जून २०२५ ला संपली. आता आदेशाच्या अनुसूची ६ मध्ये अधिसूचित झालेलीच बायोस्टिम्युलंट विकता येतात, आणि मंजुरी ठरावीक घटकांना, ठरावीक पिकांसाठी असते. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी सांगितलं की, आधी सुमारे ३०,००० उत्पादनं तपासणीविना विकली जात होती आणि कडक छाननीनंतर हा आकडा ६५० च्या आसपास आला. म्हणजे बाटल्यांचा केवढा ढीग नुसत्या 'अनुभवा'वर विकला जात होता, याचा विचार करा. तो अनुभव सांगणाऱ्यांत मीही होतो.

त्यामुळे कंपनीने जुनं तात्पुरतं प्रमाणपत्र पाठवलं तर ते चालत नाही. कागद तुमच्या लक्षात येत नसेल तर ओळखीच्या कृषी सेवा केंद्रवाल्याला विचारा, 'याचा ओ फॉर्म (माल कुणाकडून आला याचा दाखला) आहे का?' किंवा तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात फोटो घेऊन जा. मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा दहा मिनिटांत उत्तर मिळालं.

कीटकनाशक किंवा बुरशीनाशक असेल तर लेबलवर नोंदणी क्रमांक आणि विषारीपणाचा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. लेबल क्लेम वाचा: कुठलं पीक, कुठली कीड, काढणीआधी किती दिवस थांबायचं. तुमचं पीक त्यात नसेल तर तो व्हिडिओ करू नका, पैसे कितीही असोत.

द्राक्षवाल्यांना जास्तीचं एक. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची वापरायच्या औषधांची यादी दर हंगामाला येते. ती मोबाइलमध्ये ठेवा. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षं नाकारली गेली, तेव्हा किती घरं बसली हे नाशिक-सांगलीत कुणालाही विचारा. सेंद्रिय म्हणून विकलेल्या औषधांत रासायनिक कीटकनाशक सापडल्याच्याही घटना झालेल्या आहेत. बाटलीत काय आहे हे कंपनी सांगत नसेल, 'सिक्रेट फॉर्म्युला आहे' म्हणत असेल, तर तुमच्या शब्दावर कुणाचा तरी कंटेनर अडकू शकतो.

३. बोलणं लेखी करा आणि ही चार वाक्यं त्यात घाला

मोठा करार लागत नाही. साधा ईमेल पुरतो, व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलं असेल तरी शेवटी एक ईमेल टाका. किती व्हिडिओ, कधी, किती रुपये, आगाऊ किती, हे तर लिहाच. त्याशिवाय मी पुढची वाक्यं घालतो. तशीच्या तशी घ्या:

"हा व्हिडिओ जाहिरात आहे हे मी बोलून आणि पडद्यावर लिहून सांगणार. ते काढायला कंपनी सांगणार नाही."

"मी उत्पादन माझ्या प्लॉटात वापरून जे दिसेल तेच सांगेन. फरक दिसला नाही तर तेही सांगेन, किंवा व्हिडिओ करणार नाही आणि आगाऊ रक्कम परत करेन."

"व्हिडिओचा तुकडा कापून वापरायचा असेल तर 'जाहिरात' हा शब्द त्या तुकड्यातही राहील."

"माझा फोटो आणि फोन नंबर बाटलीवर, बोर्डावर, दुकानाच्या फ्लेक्सवर वापरायचा नाही."

तिसरं वाक्य मी ठेच लागल्यावर घातलं. शेतीचे व्हिडिओ यूट्यूबवर जेवढे बघितले जातात, त्याहून जास्त व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतात. नऊ मिनिटांच्या व्हिडिओतला अर्ध्या मिनिटाचा तुकडा कापला, 'बघा शेतकऱ्याचा अनुभव' असं वर लिहिलं आणि शंभर ग्रुपवर टाकला की तुमच्या डिस्क्रिप्शनला काही अर्थ उरत नाही.

'नॅचरल वाटू दे', 'ऑरगॅनिक पोस्ट (पैसे न घेता केल्यासारखी) हवी', 'टॅग नको, रीच पडतो', 'सगळेच असं करतात' ही वाक्यं कानावर आली की सावध व्हा. वाक्यं गोड असतात. अर्थ एकच, की समोरच्याला कळू देऊ नका. मधली एजन्सी असेल तर ती म्हणेल, 'ब्रँडचं धोरण आहे'. तसं असेल तर ते धोरण लेखी मागा. कुणी देत नाही.

४. वापरून बघा, आणि एक ओळ सोडा

न वापरता 'मी वापरलं' म्हणणं हे खोटं आहे, हे सांगायची गरज नाही. पण एकदा मारून, सगळ्या प्लॉटवर मारूनही तुम्हाला काही कळत नाही. प्लॉट सुधारला तर तो कशाने सुधारला? हवा, पाणी, खत, डिपिंग, सगळं त्यात असतं.

म्हणून एक ओळ सोडा. मी प्लॉटच्या मधल्या ओळींपैकी एक सोडतो, कडेची नाही, कारण कडेच्या झाडांना ऊन-वारा वेगळा लागतो. तिला बाकी सगळं तेच द्यायचं, फक्त हे एक उत्पादन नाही. सोडलेल्या ओळीतल्या दहा घडांना लाल रिबन, शेजारच्या ओळीतल्या दहा घडांना पांढरी. दर आठवड्याला प्रत्येक घडातले पाच मणी व्हर्नियरने (जाडी मोजायच्या पट्टीने) मोजायचे आणि वहीत लिहायचे. अर्धा तास लागतो. ट्रॅक्टरच्या ब्लोअरचा फवारा शेजारच्या ओळीवर उडतो, म्हणून लाल रिबनच्या ओळीच्या दोन्ही बाजूंना त्या दिवशी हातपंप वापरतो.

गेल्या हंगामात एका सीवीडच्या कामात पाच आठवड्यांनी पांढऱ्या रिबनची सरासरी १७.१ मिलिमीटर आली आणि लाल रिबनची १६.९. मी ते दोन्ही आकडे व्हिडिओत सांगितले. कंपनीचा माणूस नाराज झाला, पैसे मात्र ठरल्याप्रमाणे दिले, कारण ईमेल होता. ही एका बागेची, एका हंगामाची नोंद आहे, संशोधन नाही, हेही मी त्याच व्हिडिओत सांगितलं. तुम्हीही सांगा.

या पायरीला वेळ लागतो. 'पुढच्या मंगळवारी व्हिडिओ हवाय' म्हणणाऱ्याला माझं उत्तर ठरलेलं आहे: मी तुमच्या उत्पादनाची माहिती देऊ शकतो, अनुभव नाही, आणि व्हिडिओत तसंच म्हणेन.

५. 'जाहिरात' हा शब्द कुठे आणि किती वेळ

आस्कीच्या नियमात वेळ ठरवून दिलेली आहे. १५ सेकंदांपर्यंतचा व्हिडिओ असेल तर सूचना किमान ३ सेकंद दिसली पाहिजे. १५ सेकंदांपेक्षा मोठा आणि दोन मिनिटांपेक्षा छोटा असेल तर एकूण लांबीच्या एक तृतीयांश वेळ, म्हणजे एका मिनिटाच्या रीलला २० सेकंद. दोन मिनिटं किंवा त्याहून मोठा असेल तर उत्पादनाबद्दलचं बोलणं जेवढा वेळ चालतं तेवढा सगळा वेळ. ग्राहक व्यवहार विभागाच्या सूचनांप्रमाणे व्हिडिओत हे आवाजातही हवं आणि चित्रातही, आणि लाइव्ह असेल तर सतत दिसत राहायला हवं. मी हिशोब करत बसत नाही. उत्पादन पडद्यावर आहे तोवर वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात 'जाहिरात' ठेवतो. ग्रुपवर तुकडा फिरला तरी शब्द सोबत जातो.

फोटोची पोस्ट असेल तर शब्द फोटोवरच लिहा. मजकुरात लिहायचं तर पहिल्या दोन ओळींत. 'आणखी वाचा' दाबल्यावर दिसेल असं नको. वीस हॅशटॅगच्या गर्दीत टाकलेला शब्द धरला जात नाही. प्रोफाइलमध्ये एकदा 'पेड प्रमोशन करतो' लिहून ठेवलं म्हणजे झालं, असंही नाही. प्रत्येक व्हिडिओत वेगळं सांगायचं.

यूट्यूबवर अपलोड करताना पेड प्रमोशन असल्याची खूण करायची चौकट असते. ती भरा, पण त्यावर थांबू नका. ती सूचना सुरुवातीचे दहा सेकंद दिसते आणि जाते. तुमची बाटली सहाव्या मिनिटाला येते.

आता भाषेचं. नियमात 'कोलॅबोरेशन', 'स्पॉन्सर्ड', 'पेड प्रमोशन' हे शब्दही चालतात. सूचना इंग्रजीत किंवा जाहिरातीच्या भाषेत, सामान्य माणसाला कळेल अशी असावी, असं आस्की म्हणते. आपले प्रेक्षक कोण आहेत? माझे निम्मे पन्नाशीच्या पुढचे आहेत. 'कोलॅब' म्हटलं की त्यांना वाटतं, कुठल्या तरी संस्थेबरोबर प्रयोग केलाय. 'सौजन्याने' म्हटलं की वाटतं, कार्यक्रमाला वर्गणी दिलीय. 'जाहिरात' हा शब्द मात्र पेपर वाचणाऱ्या प्रत्येकाला लहानपणापासून कळतो. तोच वापरा.

मी व्हिडिओच्या सुरुवातीला हे म्हणतो, तुम्हीही म्हणू शकता: "मंडळी, आजच्या व्हिडिओत एका उत्पादनाची जाहिरात आहे. कंपनीने मला यासाठी पैसे दिलेत आणि माल फुकट दिलाय. हे लक्षात ठेवून बघा." पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळली. चार वेळा घेतलं. आता सवय झाली.

६. बोलताना आणि शूट करताना कुठे घसरतं

'शंभर टक्के', 'गॅरंटी', 'एकाच फवारणीत', 'कुठल्याही पिकावर' हे शब्द तोंडात आले की थांबा. स्क्रिप्ट कंपनीकडून आली असेल तर हे शब्द खोडून परत पाठवा. त्यांच्या अहवालात एका पिकावर एका मात्रेने जे लिहिलंय, तेवढंच बोलायचं.

मोबाइलच्या फिल्टरकडे लक्ष द्या. रंग गडद केला की कुठल्याही पानाला काळोखी येते. दाव्याचा परिणाम वाढवून दाखवणारे फिल्टर जाहिरातीत वापरू नयेत, असं आस्कीने स्पष्ट म्हटलेलं आहे. त्यांच्या डोळ्यापुढे चमकदार केस आणि पांढरे दात असतील, पण हिरव्यागार पानाला तेच लागू होतं. मी उत्पादनाच्या व्हिडिओत रंगाला हात लावत नाही. 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो घ्यायचे तर त्याच झाडाचे, दिवसाच्या त्याच वेळी, तारखेसह. आधीचा फोटो दुपारच्या कडक उन्हात आणि नंतरचा सकाळी पाणी दिल्यावर, असं झालं की बिनाऔषधाचाही फरक दिसतो.

मिश्रण सांगताना फार जपा. 'यात हे पण टाका' असं सहज बोलून जातो आपण. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. लेबलवर नसलेलं मिश्रण मी कधीच सांगत नाही, आणि विषारी औषधाच्या व्हिडिओत मास्क-हातमोज्यांशिवाय उभा राहत नाही. कंपनी म्हणते, मास्कमुळे चेहरा दिसत नाही. राहू दे.

७. कमेंट, फोन आणि खोटे आकडे

'काही फरक पडला नाही' अशी कमेंट आली तर ती काढू नका. कंपनी सांगेल काढा म्हणून. ती कमेंट म्हणजे दुसऱ्या प्लॉटचा अहवाल आहे. उलट तिला उत्तर द्या: पीक कुठलं, अवस्था कुठली, मात्रा किती? व्हिडिओ टाकताच तासाभरात 'मस्त रिझल्ट', 'आम्हीही वापरतो' अशा पाच-दहा कमेंट नव्या, बिनाफोटोच्या खात्यांवरून आल्या तर त्या बहुधा कंपनीच्या माणसांच्या असतात. मी त्या काढतो आणि कंपनीला तसं कळवतो.

सबस्क्रायबर विकत देणारे भेटतील. घेऊ नका. त्यात कंपनीची फसवणूक आहे आणि तुमचीही, कारण खोट्या आकड्यावर दर ठरला की पुढच्या वेळी तोच आकडा टिकवायला पुन्हा विकत घ्यावे लागतात.

डिस्क्रिप्शनमध्ये मी दर वेळी दोन ओळी टाकतो. पहिली: पक्कं बिल घ्या, बॅच नंबरसह, आणि बाटली हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा. बिलाशिवाय पुढे काहीच करता येत नाही. दुसरी: तक्रार असेल तर पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे किंवा तालुका कृषी कार्यालयात, आणि जाहिरात फसवी वाटली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर किंवा आस्कीकडे. माझ्या व्हिडिओविरुद्धही.

८. पैशांचं थोडक्यात

शेतीचं उत्पन्न करमुक्त असतं म्हणून व्हिडिओचंही असेल, असं समजून कित्येक जण बसतात. तसं नाही. व्हिडिओचं उत्पन्न हे शेतीउत्पन्न नाही, ते विवरणपत्रात दाखवावं लागतं. पैसे खात्यावरच घ्या, पॅन द्या, कापलेल्या टीडीएसचं प्रमाणपत्र मागून घ्या. मालाचंही तसंच: १ जुलै २०२२ पासून एका कंपनीकडून वर्षात २०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीचा माल किंवा लाभ मिळाला तर त्यावर १० टक्के कर कापायची तरतूद आहे. कंपनीने पाठवलेला फवारणी पंप चित्रीकरण करून परत केलात तर तो लाभ नाही. ठेवून घेतलात तर आहे. रोख पाकिटात पैसे देतो म्हणणारा माणूस जाहिरातही लपवायलाच सांगतो, हा माझा आजवरचा अनुभव.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमच्या ऑफर शेतीच्या चॅनेललाही येतात, आणि रक्कम टॉनिकच्या चौपट असते. २०२५ च्या कायद्याने अशा खेळांच्या जाहिरातीला बंदी आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. उत्तरसुद्धा देऊ नका.

९. आधी लपवून झालं असेल तर

माझ्या चॅनेलवर १४० व्हिडिओ होते. दोन संध्याकाळी बसून मी सगळे बघितले. एकात पैसे घेतले होते, पाचांत माल फुकट आला होता. चुकलेलं दुरुस्त करायचा क्रम असा: आधी यूट्यूबच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या प्रत्येक व्हिडिओला पेड प्रमोशनची खूण करा. मग शीर्षकाच्या सुरुवातीला 'जाहिरात' शब्द घाला, कारण जुन्या व्हिडिओच्या चित्रात नव्याने अक्षरं टाकता येत नाहीत आणि शीर्षक सगळ्यांना दिसतं. डिस्क्रिप्शनच्या पहिल्या ओळीत काय मिळालं होतं ते लिहा. शेवटी वर एक कमेंट पिन करा. दावा खोटा असेल, तर यातलं काही पुरत नाही. तो व्हिडिओ काढून टाका आणि का काढला ते वेगळ्या व्हिडिओत सांगा.

फुगवणीच्या टॉनिकचा व्हिडिओ मी काढला. त्याच बागेत, त्याच ओळीत उभा राहून तीन मिनिटांचा नवा केला: किती पैसे घेतले, किती वेळा फवारलं होतं, फुगवण कशाने झाली होती. कंपनीला आधी फोन करून सांगितलं, तुम्हीही सांगा, मागाहून भांडण नको. तो टाकल्यावर सव्वातीनशे सबस्क्रायबर कमी झाले. काकांना मी लिंक पाठवली नाही, फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं, मग विचारलं, "ती ओळ सोडायची म्हणता, ती कितवी सोडायची?" मी सांगितलं. त्यांच्या बागेत अकरा ओळींचे पट्टे आहेत, तर सहावी.